व्रत माझं, उपास त्याचा

पुतण्याच्या हट्टापायी आमच्या मळ्यात घोडा आला. घोडा म्हणजे अडीच वर्षांचं, नुकतंच शिंगरूपण सरलेलं जनावर. आमचा मळा चिकोडीकडचा. ऊस, ज्वारी, चार म्हशी, दोन बैल, एवढीच आमची ओळखीची दुनिया. पण आमच्या भागात घोडागाडीच्या शर्यतींचं वेड मोठं, आणि पोराला त्याचंच खूळ. घोडा आणला त्यानं, 'पवन' नाव ठेवलं त्यानं, आणि खाऊ घालायचं काम आलं माझ्याकडे. घराघरांत असंच असतं.

मी मनापासून करत होते. सकाळी भिजवलेले हरभरे आणि थोडा गव्हाचा कोंडा, दुपारी लसूणघास, संध्याकाळी पुन्हा हरभरे आणि कडब्याची कुट्टी. दिवस बुडायच्या आत गव्हाण झाडायची, उरलंसुरलं म्हशींपुढे टाकायचं आणि घराकडे वळायचं. उरलंय म्हणजे पोट भरलं असेल, असं मी धरून चालले होते.

दोन महिन्यांत पवन उंच झाला, पण अंगानं उतरला. बरगड्या मोजता येऊ लागल्या. पाठीचा कणा वर आला. येणारा-जाणारा म्हणे, "हरभरा वाढवा की!" मी वाढवला, तर लिदीत अख्खेच्या अख्खे दाणे दिसायला लागले. शेवटी हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत अंग धरलं नाही तर विकून टाकू." असला हाडका घोडा कोण घेतो आणि त्याला कशाला जुंपतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही.

मीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. लीद तपासून आली, जंत नव्हते. मग त्यांनी पवनची जीभ एका बाजूला धरून दाढा चाचपल्या. दुधाच्या एका दाढेचं टरफल खालून येणाऱ्या नव्या दाढेवर अडकून हलत होतं, आणि बाकीच्या दाढांना धारा येऊन गालाच्या आतून जखमा झाल्या होत्या. बिचाऱ्याला चावताच येत नव्हतं. आणि तो सावकाश चघळत असताना मी समोरचं उचलून नेत होते! डॉक्टरांनी टरफल काढलं, कानशीनं धारा घासल्या आणि हात धुता धुता विचारलं, "काकू, रात्री काय घालता?"

"रात्री काही नाही. आमच्यात दिवस बुडाल्यावर..." एवढं बोलून मी थांबले.

ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हैस भराभर पोट भरून घेते आणि रात्रभर रवंथ करत बसते. घोड्याला रवंथ नाही. त्याचं पोट लहान. मोकळा सोडला तर दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरत राहतो. पोटात आम्ल मात्र सारखं पाझरत असतं, आत चारा असो वा नसो. आणि हे तर वाढीचं वय."

म्हणजे रोज बारा तास मी त्याला उपाशी ठेवत होते. दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचं वाचन मी दरवर्षी ऐकते. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार मला पाठ आहेत. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, फार ओझं लादणं आणि अन्नपाणी अडवणं. अन्न अडवणारा म्हणजे कुणीतरी निर्दय माणूस, असंच माझ्या डोळ्यांपुढे यायचं. व्रत मी घेतलं होतं आणि उपास त्याला घडत होता. सासूबाईंना सांगितलं. सत्तर वर्षांत रात्री घास न घेतलेली ती बाई म्हणाली, "अगं, ते जनावर आहे, श्रावक नव्हे."

मग रीत बदलली. हरभरे कमी केले आणि तेवढेच तीन वेळांना वाटून दिले. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून एकदम जास्त दाणा किंवा एकदम नवा चारा त्याच्या पोटाला धोक्याचा. कोरड्या चाऱ्याचा हिशेब डॉक्टरांनी सांगितला. शंभर किलो वजनामागे दिवसाला दोन ते अडीच किलो. पवनला सहा किलोच्या आसपास लागे, मी त्याच्या निम्माच देत होते. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत नेला. कोंड्यात चुना फारच कमी असतो, तो लसूणघासातून मिळतो, म्हणून कोंडा कमी आणि घास जास्त. मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी कायम समोर.

राहिला रात्रीचा प्रश्न. अंधारात दिवा लावला की किडेपाखरं येतात. म्हणून मी दिवसा उजेडीच कडबा झाडून बारीक छिद्रांच्या जाळीत भरते आणि गव्हाणीवर टांगते. त्यातून थोडा थोडा ओढत त्याला पहाट होते.

दर रविवारी मी शिलाईच्या टेपनं त्याच्या छातीचा घेर मोजून दिनदर्शिकेवर लिहीत होते. दिवाळीला बरगड्या झाकल्या होत्या. विकायचा विषय निघाला नाही. पुतण्या मात्र गाडीला जुंपायची घाई करू लागला. "हाडं अजून कच्ची आहेत, थांब," म्हणाले. अतिचारांच्या यादीत ओझंही आहेच. तो रुसला, पण थांबला.

आता रात्री जाग आली की गोठ्याकडून कडबा चावल्याचा आवाज येतो. माझ्या घशाला कोरड असते. मी कूस बदलते आणि सकाळची वाट बघते.