दुसऱ्या शनिवारची पहाट

२०२२च्या नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार. पहाटे दुधाची पिशवी आत घेतली आणि सवयीने मोबाइल बघितला. बँकेचे तीन मेसेज होते, रात्री दोनच्या सुमाराचे, लागोपाठ आलेले. सगळे मिळून ४८,६०० रुपये गेले होते, तेही परदेशातल्या कुठल्याशा ऑनलाइन दुकानात. ओटीपी आलेला नव्हता. पर्स उघडून पाहिली, तर कार्ड आपलं जागच्या जागी.

हातपाय गार पडले. इंटरनेटवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला. पलीकडचा माणूस इतका मायेने बोलत होता की मला धीर आला. "मॅडम, पैसे लगेच परत येतील, फक्त एक ॲप घ्या आणि त्यावर आलेला कोड मला सांगा." मी ॲप उतरवायला घेतलंसुद्धा. तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "अगं, बँकेला आपल्या मोबाइलमध्ये कशाला शिरायचंय?" मी फोन कापला. तो नंबर बँकेचा नव्हताच. एकदा लुटलेल्या माणसाला त्याच घटकेला दुसऱ्यांदा लुटायला कुणीतरी बसलेलं असतं, हे आजही आठवलं की संताप होतो.

खरा नंबर कार्डाच्या मागेच होता, बारीक अक्षरांत. चष्मा लावून तो फिरवला. तिकडून संगीत ऐकू येत असतानाच चौथा मेसेज आला, आणखी ११,००० गेल्याचा. तेव्हा कुठे सुचलं की बँकेच्या ॲपमध्येही कार्ड बंद करायची सोय आहे. ती शोधून कार्ड बंद केलं. दहा मिनिटांनी पाचवा मेसेज आला, पण तो व्यवहार नाकारल्याचा. तो मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

ह्यांचं म्हणणं, आज बँक बंद, उद्या रविवार, सोमवारी जाऊ. आणि तोवर कुणाला सांगू नकोस, लोक हसतील. मला ते पटलं नाही. बँकेची हेल्पलाइन सुट्टीच्या दिवशीही चालू असते. तिथल्या मुलीकडून तक्रार क्रमांक मागून घेतला आणि कॅलेंडरवर लिहिला. मग १९३० लावला, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. चार वेळा एंगेज, पाचव्यांदा लागला. त्यांनी खाते क्रमांक, रकमा, वेळा, व्यवहारांचे क्रमांक विचारले. मेसेज मी पुसले नव्हते, म्हणून सगळं सांगता आलं. सरकारी पोर्टलवरची तक्रार माझ्या मुलीने दुबईहून भरून दिली.

मूळही दुबईतच होतं. उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा कार्डाचा परदेशातला वापर चालू केला होता, आल्यावर बंद करायचा राहून गेला. आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो. बाहेरच्या कित्येक दुकानांना कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढंच पुरतं. ते माझे कुठून फुटले, ते अजून कळलेलं नाही.

सोमवारी शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "काकू, ओटीपी तुम्हीच कुणाला तरी दिला असणार." तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असा आरोप ऐकून माझा आवाज फुटेना. शेजारचे काका सोबत आले होते, बँकेतूनच निवृत्त झालेले. त्यांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक समोर ठेवलं. त्यात म्हटलं होतं: चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणी लबाडी केलेली, आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलेलं, तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवलं तर काही भार आपल्यावर येतो, माझ्यासारख्या साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. ओटीपी किंवा पिन स्वतःहून दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून त्यातही कळवायला उशीर करायचा नसतो.

मुलाने फॉर्म दिला. मी तो दोन प्रतींत भरला, १९३०च्या तक्रारीचा क्रमांक घातला आणि माझ्या प्रतीवर पोच मागितली. "शिक्क्याची गरज नाही," तो म्हणाला. मी तिथेच उभी राहिले. पाचेक मिनिटांनी शिक्का बसला, तारखेसकट. तो गोल जांभळा ठसा बघून तीन दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

त्याच परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते आणि तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो. माझे ५९,६०० नवव्या दिवशी दिसले, पण त्यांना हात लावू नका असं काकांनी बजावलं होतं. मध्ये दोनदा शाखेत जावं लागलं, दोन्ही वेळा ती पोचच कामाला आली. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारीही आम्ही ठेवली होती. ती वेळ आली नाही. फेब्रुवारीत पत्र आलं, पैसे कायमचे माझे झाले.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला शाळेतल्या जुन्या सहकारिणीचा फोन आला. अगदी हळू आवाजात बोलत होती, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "ताई, माझ्या हातून काहीतरी झालंय, कुणाला सांगू नका."

"कार्ड बंद केलंस का?" मी विचारलं.

"नाही, आधी तुम्हाला..."

"मी फोनवरच आहे. ॲप उघड."

ती हुंदके देत होती. एकेक बटण सांगत गेले, कार्ड बंद झालं. मग १९३० लावायला सांगितलं आणि तिचा फोन परत येईपर्यंत जागी राहिले.