मालक तोच, ड्रायव्हर तोच

नागपूरहून पांढुर्ण्याला पोचलो की राज्य बदलल्याचं फक्त पाट्यांवरून कळतं. पाट्या हिंदी, बोलणं वऱ्हाडी वळणाचं मराठी. आम्हां गोंयकारांना यात नवल नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, तरी संत्र्यांचे ट्रक पूर्वीसारखेच नागपूरकडे धावतात.

सौंसरला एका चहाच्या टपरीवर असाच एक ट्रकवाला भेटला. एकच गाडी, स्वतःच चालवतो. मला डिचोली-सांग्याचे आमचे ट्रकवाले आठवले. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, तेव्हा कर्जाच्या हप्त्यांसकट दारात उभे राहिलेले. हा माणूस ना धड शेठ, ना धड कामगार. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तास काम सांगायचा. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आता त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. एकट्याच्या गाडीत तास मोजणार कोण?

त्याचा चुलतभाऊ सिल्लेवानी घाटात गाडी उलटून गेला, २०१६ साली. समोर दुसरं वाहन नव्हतं.

"भाऊ, गाडी त्याचीच, चालवतही तोच होता. मंग दावा करावा तं कोनावर?"

प्रश्न अगदी कायद्याचा होता. थर्ड पार्टी विमा तिऱ्हाइतासाठी. मालक स्वतःला तिऱ्हाईत कसा होणार? २००९ मध्ये निंगम्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मागून आणलेली मोटारसायकल चालवणाऱ्यालाही मालकाच्याच जागी धरलं आणि कलम १६३-अ खालची भरपाई नाकारली. उरतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. ट्रकसाठी तो होता दोन लाखांचा. त्या वहिनींना तेवढेच मिळाले. गाडीचं कर्ज त्याहून मोठं होतं.

ही रक्कम तुटपुंजी आहे असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं. मग सप्टेंबर २०१८ मध्ये विमा नियामकाने ती पंधरा लाख केली. कुठल्या तरी घरच्या दुःखाने कोर्टाची पायरी चढली, म्हणून देशभरच्या मालक-चालकांना हे मिळालं. ना मोर्चा, ना चक्का जाम.

मी हे सांगत होतो, तर त्याने केबिनमधून प्लास्टिकच्या पिशवीतली पॉलिसी आणली. "इंग्रजी हाय. वाचून पाहा जरा."

वाचली. मालक-चालकाच्या रकान्यात शून्य होतं. २०१९ पासून हा विमा वेगळा घेता येतो. दुसरीकडे असेल तर इथे नको म्हणता येतं. एजंटाने हप्ता कमी दाखवायला 'दुसरीकडे आहे' असं लिहून टाकलेलं. दुसरीकडे काहीच नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग कागद घडी करून खिशात घातला, पिशवीत नाही.

"संत्रा खाली केला की पहिले हेच करतो," म्हणाला, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.