अरशानच्या चढावर

बिश्केकमध्ये मी रमलो नाही. रुंद रस्ते आणि ओळीत उभी केलेली झाडं पाहायला एवढ्या लांब कशाला यायचं? इसिक-कुलच्या काठावरचे दिवस पोहण्यात आणि जर्दाळू खाण्यात सरले. किर्गिझस्तानातलं सांगण्यासारखं घडलं ते काराकोलहून अल्तिन-अरशानच्या गरम झऱ्यांकडे जाताना, आणि तेही ट्रक बंद पडला म्हणून.

ट्रक म्हणजे सोविएत सैन्याचा गाझ-६६. हा १९६४ पासून १९९९ पर्यंत बनत होता. विमानातून पॅराशूटने सोडता यावा म्हणून घडी होणाऱ्या कॅबिनचा एक प्रकारही काढला होता. त्याला पुढे नाक नाही. चालक आणि शेजारचा माणूस थेट पुढच्या चाकांवर बसतात. अफगाणिस्तानात सुरुंगावर चाक गेलं की पहिला मार या दोघांनाच बसे. वयाचा मान म्हणून मला हीच जागा मिळाली होती. मधोमध इंजिन धगधगत होतं आणि गियरचा दांडा इतका मागे, की तो बदलताना चालक पाठ खाजवतोय असं वाटे.

दगडधोंड्यांच्या चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. स्टार्टर जोरात फिरे, पण गाडी पकडेना. मागच्या हौद्यातून आमची पुणे-ठाण्याची मंडळी उतरली. “बॅटरी!” एका निवृत्त साहेबांनी निकाल दिला. मला असल्या माणसांचा भारी राग येतो. बॅटरी गेली असती तर स्टार्टर फिरला असता का?

चालक पन्नाशीचा, अबोल. बिश्केकला एमबीबीएस करणारा लातूरचा एक मुलगा आमच्याबरोबर दुभाष्या म्हणून होता. तो चालकाला ‘बाइके’ म्हणे, म्हणजे दादा. बाइकेने आसनांमधलं झाकण उचललं, एका प्लगची वायर काढून पकडीत धरली आणि पोराला किल्ली फिरवायला लावली. टक्, टक्, निळी ठिणगी. करंट होता. मग एअर फिल्टर बाजूला करून त्याने कार्बोरेटरच्या तोंडात डोकावलं आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढला. एरवी आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडते. इथे सगळं कोरडं. टाकीत काठी घातली, ती अर्धी ओली निघाली. म्हणजे टाकीत पेट्रोल होतं, पण वर पोचत नव्हतं. एवढं ठरेपर्यंत त्याने एकही बोल्ट सैल केला नव्हता.

“काका, उतरा,” पोरगा म्हणाला. अख्खी कॅबिन पुढे कलंडली. बाइकेने इंजिनाच्या पुढच्या टोकाला हात घालून पेट्रोलपंपाला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. रोग सापडला होता. चढावर ट्रक पहिल्या गियरमध्ये रांगतो, वारा लागत नाही, इंजिन तापतं. त्यात उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पेट्रोल लवकर उकळतं. पंपात वाफ कोंडली की तो नुसती वाफच दाबत बसतो.

औषध आसनाखालीच होतं: एक कळकट फडकं. ते नदीच्या हिमगार पाण्यात बुडवून आणायचं काम माझ्याकडे आलं. पंपावर गुंडाळताच चर्र झालं. फडकं कोमट झालं की मी पुन्हा नदीवर. मधल्या वेळात बाइकेने शांतपणे सिगारेट ओढली, इंजिनापासून चांगलं लांब जाऊन. मग पंपाखालचा छोटा दांडा हाताने हलवू लागला. आधी तो जड लागत होता. हळूहळू खुळखुळ्यासारखा सैल वाजू लागला. पेट्रोल चढलं. कॅबिन जागेवर बसली, किल्ली फिरली आणि आठही सिलिंडर एकदम गरजले.

फडकं त्याने पंपावर तसंच राहू दिलं. झरे गरम होते, दरी सुंदर होती. त्यांचे फोटो कुणीही दाखवील. उतरताना निवृत्त साहेब पोराला म्हणाले, “त्याला म्हणावं, तरी एकदा बॅटरी बघून घे.” पोरगा बाइकेकडे वळून रशियनमध्ये काहीतरी बोलला. बाइकेने साहेबांशी आदराने हात मिळवला. पोराला मी नंतर विचारलं तेव्हा कळलं, त्याने सांगितलं होतं: “साहेब तुमचे आभार मानताहेत.”