काकाच्या जीपचे दिवे

काकाची एमएम ५४० दिघीत असते. रात्री-अपरात्री कुणाला श्रीवर्धनला दवाखान्यात न्यायचं झालं की हाक काकालाच. पण बंपरवरचे दोन जादा हॅलोजन पार मिणमिणते झालेले. "एलईडी बार टाक की रे एक," काका म्हणाला.

मला काही ते पटेना. पावसात धुकं उतरलं की पांढरा झगझगीत झोत उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. शिवाय समोरच्या एसटीवाल्याच्या शिव्या! म्हणून आधी दिवे लावून मीटर धरला. बॅटरीवर १२ व्होल्ट, बल्बवर जेमतेम १०. मंडळी, हॅलोजनचा हिशोब फार क्रूर असतो. व्होल्टेज सहाव्या हिश्शाने घसरलं की उजेड जवळजवळ निम्मा!

चोर सापडला अर्थिंगमध्ये. खाऱ्या हवेनं तांब्याची तार हिरवी, बोल्ट गंजलेला. वायर बदलली, बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासला, वर ग्रीस फासलं. ५५ वॉटचे दोन बल्ब, म्हणजे ९ अँपिअर करंट त्या बिचाऱ्या स्विचमधून जात होता; तिथे रिले घातला.

डावा दिवा लख्ख. उजव्याचा रिफ्लेक्टर मात्र आतून काळा पडलाय, तो घासून उजळत नाही. नवा पुण्याहून पाठवतोय. तोवर काका एका दिव्यावर.