अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि सुनेवरचा ठपका



आम्ही मूळचे धारचे. बँकेच्या नोकरीत देवासला आलो आणि तिथलेच झालो. दोन्ही गावांत एकच ऐकत आलो, ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ हे साफ खोटं आहे. बाळ जितके दिवस पोटात, तितकं ते पक्कं.

माझी नात 29व्या आठवड्यात झाली, वजन 1150 ग्रॅम. तिला इंदूरला पेटीत ठेवलं, आणि इकडे घरात चौकशी सुरू झाली. सुनेनं ग्रहणात भाजी चिरली का? जिना किती वेळा चढली? ती बिचारी मान खाली घालून बसायची. शेवटी डॉक्टरांनीच आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं.

आपल्याला वाटतं, बाळाच्या मेंदूला इजा झाली म्हणजे प्राणवायू कमी पडला. तेवढंच कारण नसतं. बाळाभोवतीच्या पडद्यांत जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं, त्यातून दाह होतो. दाहातली रसायनं बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतात. 24 ते 32 आठवड्यांत मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी फार कोवळ्या असतात, त्यांची वाढ खुंटते. पुढे पाय ताठरतात, बोलणं लांबतं. जन्मानंतर रक्तात किंवा आतड्यात संसर्ग झाला तरी हेच होऊ शकतं. आणि पडद्यांतला संसर्ग पुष्कळदा मुका असतो, आईला साधा तापही येत नाही. मग तिचा दोष कसला?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी 1987 ते 1989 मधली, दोन किलोहून कमी वजनाची बाळं पार 18 वर्षांची होईपर्यंत तपासली. बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण निघाली, पण काहींना वाचन आणि गणित जड गेलं. म्हणजे बाळ घरी आलं की काम संपलं, असं नाही.

आमची नात आता दुसरीत आहे. डावा पाय किंचित ओढते, व्यायाम रोज चालू आहे. गोष्टी मात्र इतक्या सांगते की ऐकणारा दमतो.

सांगणं एवढंच. घरातल्या गर्भवतीला ताप, लघवीला जळजळ किंवा अंगावरून पाणी जाणं असेल तर संकोच न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दिवस अपुरे असताना कळा लागल्या तर वेळेवर दिलेली इंजेक्शनं बाळाची फुप्फुसं आणि मेंदू सांभाळतात. बाळ झाल्यावर आईचं दूध, छातीशी ऊब आणि धुतलेले हात. पुढच्या तपासणीची एकही तारीख चुकवू नका.

आणि सुनेला ग्रहणाचं विचारू नका.