फौजीची जागा

अमळनेर,
रविवार

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तक्रार अर्जच तो. खाली फक्त कोर्ट फी स्टँप लावायचा राहिलाय. निवड यादीत तुझ्यापेक्षा कितीतरी कमी गुणांचा उमेदवार बसला, त्याच्या नावापुढे ‘माजी सैनिक’ लिहिलेलं. त्याला पेन्शन चालू, कॅन्टीनचं कार्ड खिशात, आणि देवपूरच्या अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरणारी तू मात्र बाहेर. ‘मामा, तुम्ही महसुलात जन्म घालवला, हे न्यायाचं आहे का ते एकदा सरळ सांगा,’ असं विचारलंस. सरळ सांगतो, पण माझ्या सवयीप्रमाणे आधी कागद वाचून.

आपल्या राज्यात गट क आणि गट ड च्या पदांमध्ये माजी सैनिकांना 15 टक्के जागा आहेत. हे आरक्षण समांतर, म्हणजे आडवं. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं उभं आणि आडवं अशी जी फोड केली, तिच्यातलं हे दुसरं. खुल्यातला फौजी खुल्यातलीच जागा घेतो, ओबीसीतला ओबीसीतली. तेव्हा त्यानं जागा घेतली ती तुझ्याच प्रवर्गातली, हे तुझं म्हणणं खरं. पण तुला जे 30 टक्के महिला आरक्षण मिळतं तेही आडवंच आहे, आणि तुझ्याच प्रवर्गातला कुणी पोरगा आज कुठल्या तरी अभ्यासिकेत बसून तुझ्यासारखंच पत्र त्याच्या मामाला लिहीत असेल. त्यालाही मी हेच उत्तर दिलं असतं.

आता ज्या परीक्षेवरून तुम्हा पोरांची एवढी चर्चा चालते ती 2023 ची तलाठी भरती घे. जाहिरात 4,644 जागांची, अर्ज दहा लाखांच्या वर. पंधरा टक्क्यांच्या हिशेबानं फौजींच्या वाट्याला सातशेच्या आसपास जागा येतात. पात्रता पदवी, पण पंधरा वर्षं सेवा झालेला माजी सैनिक नुसता दहावी असला किंवा फौजेचं शिक्षणाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे असलं तरी चालतो. तुला ही सवलत फार मोठी वाटते. वाटेलच. मात्र त्याच जाहिरातीत गुणवत्ता यादीत यायला किमान 45 टक्के गुणांची अट होती आणि तिथे फौजी आणि तू एकाच मापात. पेपरातले पंचवीस प्रश्न मराठीचे. सतरा वर्षं हिंदीत ‘जी साब’ केलेला माणूस गावी येतो तो आईशी अहिराणी बोलतो, मुलांशी हिंदी, आणि समास-प्रयोग विचारले की घाम पुसतो. पंचेचाळीसच्या अलीकडे अडकला की त्याची जागा बऱ्याचदा ‘कन्व्हर्ट’ होते, म्हणजे त्याच प्रवर्गातल्या बिगर-फौजी उमेदवाराकडे जाते, हे तुम्ही पोरंच एकमेकांना आनंदानं सांगता.

केंद्रातलं चित्र याहून बोलकं आहे. तिथे गट क मध्ये 10 आणि पूर्वीच्या गट ड मध्ये 20 टक्के जागा माजी सैनिकांना. जून 2021 अखेर ज्या खात्यांनी आकडे कळवले, त्यांत प्रत्यक्ष खुर्चीवर बसलेले माजी सैनिक गट क मध्ये दीड टक्काही नव्हते, गट ड मध्ये तीन टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे ज्याच्यामुळे आपली जागा गेली असं तुम्हा सगळ्यांना वाटतं, तो माणूस बहुतेक ठिकाणी आलेलाच नाही.

पण तुझा प्रश्न आकड्यांचा नाही, हक्काचा आहे. इथे मी तुझ्याशी भांडणार.

15 ऑगस्टला शाळेच्या पटांगणात पाहुणे सांगतात की सीमेवर छातीवर गोळ्या झेलल्या म्हणून नोकरी. मला हे कारण पटत नाही. मग ज्यानं सगळी नोकरी पठाणकोटच्या रेशन गोदामात काढली त्याचं काय करायचं? शौर्याला पदकं आहेत. नोकरीचं कारण वेगळं आणि ते फार रुक्ष आहे. मी सरकारी नोकरीत 58 व्या वर्षापर्यंत राहिलो. माझ्या कचेरीत छत्तिसाव्या वर्षी कुणाला ‘आता तुम्ही म्हातारे झालात, घरी जा’ असं सांगितलेलं मी पाहिलं नाही. सांगितलं असतं तर संघटनेनं तहसीलला टाळं लावलं असतं. फौजेतल्या शिपायाला मात्र हेच सांगतात. 2022 च्या आधी अठराव्या वर्षी घेतलेल्याला सतरा वर्षांनी सोडतात, हवालदार झाला तर आणखी काही वर्षं. कारण सियाचीनला पंचावन्न वर्षांचा माणूस चालत नाही. फौज तरुण राहावी ही गरज सरकारची. मग उरलेल्या वीस-बावीस वर्षांसाठी त्याच सरकारनं त्याला दुसऱ्या टेबलावर बसवावं, एवढंच ते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली झाली की आपण त्याला उपकार म्हणत नाही.

भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणीच्या गेटवर डीएससीचे, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, जवान उभे असतात. बहुतेक सगळे पेन्शनीत आलेले, पुन्हा वर्दी चढवलेले. कुणाचा मुलगा नववीत, कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचंय. पेन्शन आहे ना, असं तू म्हणशील. आहे, आणि शिपायाच्या पेन्शनीत घर चालतं. पण मुलाच्या इंजिनिअरिंगची फी निघत नाही.

आता आतल्या गोष्टी, ज्या जाहिरातीत नसतात. माझ्या नोकरीत मी दोन फौजी तलाठी जवळून पाहिले. एक रावेर तालुक्यात होता. वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या, पंचनाम्याचे आदेश आले. आमचे बरेच तलाठी बांधावर मोटारसायकल उभी करून नजर अंदाजानं टक्केवारी लिहीत. हा गडी बागेत शिरला. ओळ न् ओळ चालला, पडलेली खोडं वेगळी, वाकलेली वेगळी, उभी वेगळी, पाठकोऱ्या कागदावर पाच-पाचच्या रेघोट्या मारून मोजली. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तरच मदत बसते. एका शेतकऱ्याचं त्यानं 30 लिहिलं. दुसऱ्या कुणी 35 लिहून दिलं असतं आणि कुणाच्या बापाचं काही गेलं नसतं. गाव कचेरीवर आलं. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं तर म्हणाला, ‘भाऊसाहेब, गिनतीत तीस आले.’ त्याच्यापुढे काही बोलताच येईना. मला अजून ठरवता आलेलं नाही की असा तलाठी गावाला वरदान की शिक्षा. पण त्याच्या सज्जात फेरफार कधी पैशासाठी अडला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

दुसरा अगदी उलटा. त्याला ‘अर्जदार’ ही जमातच पटत नसे. म्हातारी बाई वारस नोंदीला आली तर तिला रांगेत ताठ उभी करायचा. संगणकावरचा ई-फेरफार कोतवालाकडून करून घ्यायचा आणि अंगठा तेवढा आपला लावायचा. त्याचा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. रायफल हातात द्यायच्या आधी फौजेनं त्याला महिनोन् महिने शिकवलं होतं. सातबारा हातात देताना आम्ही त्याला एका शनिवारी बसवून दोन रजिस्टरं दाखवली.

तू लिहिलंस की हे सगळं मतांसाठी चाललेलं नवीन खूळ आहे. ताई, आपल्या खान्देशात तरी ते म्हणू नकोस. आमच्या शेजारच्या धरणगावला 1825 मध्ये जेम्स औट्रमनं भिल्ल कोअर उभी केली. डोंगरांतल्या ज्या भिल्लांशी कंपनी सरकार झुंजून थकलं होतं, त्यांनाच पगारावर घेऊन पहाऱ्याला लावलं. ते माजी सैनिक नव्हते, मान्य. पण हत्यार चालवणारा माणूस रिकामा राहू नये, तो सरकारच्या पगारपत्रकावर असावा, हा हिशेब तिथलाच आहे आणि त्यात प्रेमाचा भाग फार कमी होता. ‘जय जवान’च्या पाटीमागे हा जुना हिशेब अजून चालू आहे असं मला वाटतं. वाईट आहे असंही नाही.

तुझ्या बाजूनं एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात माजी सैनिकांना सरकारी भरतीत सरसकट पहिला नंबर मिळायचा, कितीही वेळा, जन्मभर. हेलन फीनी नावाच्या बाईंना 1971 मध्ये एका पदाच्या परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाचे गुण पडले. यादीत त्या सहाव्या गेल्या, वर पाच फौजी पुरुष. त्या कोर्टात गेल्या. 1979 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला, जरी तिथल्या माजी सैनिकांत 98 टक्के पुरुष होते. आपल्याकडे तसं नाही. इथे ठरावीक वाटा आहे आणि त्यापलीकडे फौजीला तुझ्यासारखंच गुणांवर यावं लागतं. पण बाईला फौजेची दारं अर्धवट उघडी ठेवायची आणि फौजेतून आलेल्याला पुढे काढायचं, यातला अन्याय समुद्राच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. तुझ्या पत्रात हा मुद्दा नव्हता. असायला हवा होता. तुझ्या सगळ्या मुद्द्यांत तोच सर्वात जड आहे.

आणि आता आपल्या घरातलं. तुझा मावसभाऊ अग्निवीर झाला तेव्हा गावात डीजे लावला होता. अग्निवीरांची ही योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, मग तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम, बाकीच्यांच्या हातात 11 लाख 71 हजारांच्या आसपास सेवा निधी. पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला आत गेली. बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, आणि नीट वाच, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत 10 टक्के जागा जाहीर झाल्या, हरियाणानं 2024 मध्ये पोलिस शिपाई भरतीत 10 टक्के दिले. पण जाहिरातीतल्या ‘माजी सैनिक’ या रकान्यात हा पोरगा बसत नाही.

माझं वरचं कारण खरं असेल, म्हणजे सरकार स्वतःच्या गरजेपोटी माणूस लवकर सोडतं म्हणून त्याला दुसरीकडे बसवणं लागतं, तर सगळ्यात मोठा हक्क याचाच होतो. छत्तिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन आलेल्यापेक्षा बाविसाव्या वर्षी पेन्शनीविना आलेल्याचा. सरकारनं नेमकं उलटं करून ठेवलंय. मला हे अजिबात मान्य नाही.

पण त्याला आत घ्यायचं कुठे? नवीन टक्के काढले तर ते तुझ्या डोक्यावर बसतील. आहे त्या पंधरात घेतलं तर तो तरुण, पुस्तकं ताजी, पंचेचाळीसची अट सहज ओलांडणार; मग जुना हवालदार कायमचा गेटवर. मी तरीही पंधरातच घ्या म्हणेन, कारण त्यातल्या कितीतरी जागा आजही फौजींनी भरत नाहीत. क्रम लावता येतो. सेवेत अपंगत्व आलेल्याला आणि युद्धात गेलेल्याच्या घरातल्या एकाला त्या पंधरात आजही प्राधान्य आहेच. त्यामागे उरलेल्यांचा क्रम वय आणि घरची जबाबदारी पाहून लावा. आणि फौजेतल्या शेवटच्या वर्षात त्याला मराठी टंकलेखन, सातबारा, ई-फेरफार शिकवून पाठवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं जळगावलाही आहेत, धुळ्यालाही आहेत. तिथून ना-हरकतीचा कागद मिळतो तसा हा अभ्यासही मिळू दे. मग तो तुझ्यापेक्षा कमी गुणांवर बसला असं म्हणायची वेळ तुझ्यावर कमी येईल.

पुढची जाहिरात आली की फॉर्म भर, रुसून बसू नकोस. तुझं वय शिल्लक आहे. आक्काला सांग, बामणोदची भरताची वांगी एसटीतून पाठवतो, कंडक्टर ओळखीचा आहे, स्टँडवर कुणीतरी उभं राहा. आणि या पत्रातलं काही पटलं नसेल तर लेखी उत्तर दे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझा
मामा