शेवटच्या बाकावरचे अक्षर

मराठी वर्णमालेत काही अक्षरे अशी आहेत, की शब्दाच्या आरंभी उभे राहण्याचा मान त्यांच्या वाट्याला कधी येत नाही. 'ण' हे त्यांपैकी एक आणि 'ळ' हे दुसरे. 'घ' म्हटले की घर डोळ्यांपुढे येते, 'म' म्हटले की मासा येतो. 'ळ'च्या बाबतीत मात्र तक्ते छापणाऱ्यांची पंचाईत होते. 'ह'नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' यांच्या अगोदर, वर्णमालेच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या या अक्षराची ओळख साडेतीन वर्षांच्या मुलाला कशी करून द्यावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. आम्ही उभयतांनी प्राथमिक शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले; तरीही त्याचे उत्तर आम्हांला निवृत्तीनंतर, गेल्या मे महिन्यात, आमच्या नातीकडून मिळाले. ते उत्तर आणि त्याबरोबर मनात पुन्हा जागी झालेली एक जुनी टोचणी वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

नात मुंबईत राहते आणि इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जाते. सुट्टीत ती वसईला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या वडिलांनी अक्षरांचा एक रंगीत तक्ता बरोबर दिला होता. "एवढी मराठी तुम्हीच शिकवा, आमच्याने होत नाही," असे तो म्हणाला. त्या बोलण्यात आळस नव्हता, खंत होती. आम्ही तक्ता पडवीत टांगला आणि जुन्या सवयीने पट्टी हातात घेतली. सारे काही सुरळीत चालले होते. शेवटच्या ओळीत आम्ही म्हणालो, "ळ बाळाचा." नातीने आमच्याकडे संशयाने पाहिले. मग वरच्या ओळीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आजी, बाळाचा तर ब!"

आम्ही निरुत्तर झालो. तिचे म्हणणे तर्काला धरून होते. पंचवीस-तीस अक्षरे आपण मुलाला सांगतो, की शब्दाच्या तोंडाशी जे ऐकू येते ते त्या शब्दाचे अक्षर. आणि एकाएकी, काही न सांगता, नियम बदलतो. मूल गोंधळले की आपण त्याला मंद म्हणतो.

हे मनात आले आणि त्याच्या पाठोपाठ 1988 सालचा एक वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. किनाऱ्यावरच्या एका गावातील ती शाळा. पहिलीच्या वर्गात एक कोळ्याचा मुलगा होता. चुणचुणीत, बोलका, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेला. वाचनाच्या तासाला तो 'केळे' या शब्दाचे 'केले' करी आणि 'काळा'चे 'काला'. आमच्यापैकी एकाने त्याला उभे करून तोच शब्द पुनःपुन्हा म्हणायला लावला. दहा वेळा, वीस वेळा. वर्ग हसू लागला. मुलगा प्रयत्न करीत होता, पण जीभ वळत नव्हती. शेवटी तो गप्प झाला, आणि त्या वर्षात वर्गात पुन्हा मोकळेपणाने कधी बोललाच नाही. पुढे त्याची आई शाळेत आली. रागाने नव्हे, संकोचाने ती आपल्या बोलीत म्हणाली, की आमच्या घरात सगळे असेच बोलतात. हे आमच्यापैकी नेमके कोणाच्या हातून घडले, ते सांगण्याचे कारण नाही. त्या दिवसांत दोघांपैकी कोणीही तसेच केले असते.

त्या आईने सांगितले ते अक्षरशः खरे होते. उत्तर कोकणच्या आगरी-कोळी बोलींत 'ळ'चा 'ल' होतो आणि 'ण'चा 'न' होतो. ती चूक नव्हे, त्या बोलीची ती रीत आहे. प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत तर 'ळ' नाहीच, म्हणून लोणावळ्याचे 'लोनावला' होते. उलट गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांनी हा उच्चार जपला आहे. गोव्यात रोमन लिपीत कोंकणी लिहिणाऱ्या आपल्या बांधवांनाही त्याला वगळता आले नाही. रोमन 'एल' दोनदा लिहून त्यांनी त्याची सोय केली. प्रमाण मराठी लिहिता-वाचताना त्याच्यावाचून चालत नाही, हेही तितकेच खरे. 'वेळ' आणि 'वेल', 'मेळा' आणि 'मेला', 'काळ गेला' आणि 'काल गेला' यांतील अंतर या एका अक्षराने राखले आहे. तेव्हा अक्षर शिकवायचे हे ठरलेलेच होते. पण मुलाच्या घरची बोली खोटी न ठरविता ते शिकवावे, एवढी समज आम्हांला त्या काळी नव्हती.

ही समज आमच्या शेजारच्याच मुलुखात केव्हाची आलेली होती, हे लिहिताना शरम वाटते. डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. वाळूच्या कागदातून कापलेली अक्षरे त्या मुलांच्या हाती देत. मुलाने अक्षरावरून बोट फिरवायचे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी ऐकायचा. डोळा, कान आणि हात ही तिन्ही दारे एकदम उघडायची. 1939 साली त्या भारतात आल्या आणि युद्धाची वर्षे त्यांनी इथेच काढली. त्यांचे विचार ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीत रुजविले. 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने, शिंपले आले. बोर्डी-कोसबाड आमच्यापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर. आणि आम्ही मात्र पट्टी घेऊन उभे होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्ता काढून ठेवला. नातीला सांगितले, की 'ळ' हे लपाछपी खेळणारे अक्षर आहे. ते दारात कधी उभे राहत नाही. घरात शिरून त्याला शोधावे लागते. हे तिला तत्काळ पटले. मग एका टोपलीत आम्ही घरातल्या वस्तू भरल्या: केळे, नारळ, गुळाचा खडा, मूठभर तांदूळ, थोडी डाळ, आणि त्यांत आंबा, चमचा, पान अशा काही वस्तू मुद्दाम मिसळल्या. तिने एकेक वस्तू काढायची, आम्ही तिचे नाव सावकाश घ्यायचे, आणि 'ळ' ऐकू आला की तिने टाळी वाजवायची. पहिल्या दिवशी ती आंब्यालाही टाळी वाजवीत होती, कारण तिला आंबा आवडतो. आम्ही तिला अडविले नाही. तिसऱ्या दिवशी आंबा हातात घेऊन ती स्वतःच म्हणाली, "याच्यात नाही." आणि टाळी राखून ठेवली.

मग सूप घेतले, त्यात तांदूळ पसरले आणि बोटाने 'ळ' काढून दाखविला. नातीने तो पाहिला मात्र, आजोबांच्या नाकावर बोट ठेवून ती ओरडली, "चष्मा!" खरोखरच, दोन वाटोळी भिंगे शेजारी शेजारी. इतकी वर्षे फळ्यावर ते अक्षर गिरवून आम्हांला जे दिसले नव्हते ते तिला एका क्षणात दिसले. आजी म्हणाली, "आणि चष्मा कशावर लावतात?" डोळ्यावर! त्या शब्दातही 'ळ' लपलेला सापडला, तेव्हाचा तिचा आनंद काय वर्णावा! तेव्हापासून ते अक्षर आमच्या घरात 'आजोबांचा चष्मा' झाले. अंगणात चुन्याच्या भुकटीने आम्ही ते एवढे मोठे आखले, की तिला त्याच्या रेषेवरून चालता यावे. संध्याकाळी त्या दोन वळणांवरून ती धावत सुटे आणि आम्ही पायरीवर बसून शब्द पुरवीत असू: आभाळ, कावळा, मासळी, सकाळ. आमच्या वाडीतल्या राजेळीचा घड तिला दाखविला आणि वाळवून केलेल्या सुकेळीचा तुकडा तोंडात घातला. दोन्हींत 'ळ', आणि एक तर जिभेवर विरघळणारा.

उच्चाराच्या बाबतीत एक पथ्य आम्ही कसोशीने पाळले. 'ळ'साठी जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते. लहान मुलांना हे उशिराच साधते, आणि पुष्कळ लहानग्यांच्या तोंडी त्या जागी 'ल' येतो. नातही 'केलं' म्हणते. ती "आजी, केलं दे" म्हणाली, की आम्ही "हे घे केळं" एवढेच म्हणत असू. 'चूक' नाही, 'पुन्हा म्हण' नाही. बरोबर शब्द तिच्या कानावर पडत राहिला म्हणजे पुरे. जीभ आपल्या वेळेने येईल.

ती मुंबईला परतण्याच्या आदल्या दिवशी दुपारी पडवीत कमालीची शांतता होती. लहान मूल घरात असताना अशी शांतता म्हणजे धोक्याची सूचना, म्हणून आम्ही जाऊन पाहिले. नात जमिनीवर पालथी पडून चिंचोके मांडीत होती. एक वेटोळे पुरे झाले होते, दुसरे होत आले होते. कोणी सांगितले नव्हते, कोणी पाहत नव्हते. शेवटचा चिंचोका ठेवून तिने आमच्याकडे मान वर केली आणि 'ल' असा उच्चार करून आपल्या 'ळ'चे नाव घेतले. आम्ही टाळ्या वाजविल्या.

तो कोळ्याचा मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. त्याची स्वतःची बोट आहे. मासळी बाजारात गाठ पडली की आजही "गुरुजी, बाई" म्हणून वाकतो, आणि इतकी वर्षे त्याचा नमस्कार आम्ही खाली मान घालून स्वीकारीत आलो. या जूनमध्ये, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना, आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो आणि 1988 सालच्या त्या तासाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो गोंधळला. "असं काही मला आठवत नाही," म्हणाला. खरेच आठवत नव्हते, की आम्हांला बरे वाटावे म्हणून त्याने तसे म्हटले, हे तोच जाणे. चहा झाला. निघताना त्याने आपली धाकटी मुलगी पुढे केली. ती बालवाडीत जाऊ लागली होती. "बाई, हिला घरी काय शिकवू?" त्याने विचारले.

आम्ही त्याच्याकडे एक सूप आणि मूठभर तांदूळ मागितले.